बारा फोटोंची शिदोरी



छंद या विषयावर बोलायला बसलं की वक्त्याला एक मोह आवरत नाही. तो म्हणजे छंदाचे फायदे सांगण्याचा. छंदानं मन रमतं, वेळ सत्कारणी लागतो, बुद्धीला धार येते, वगैरे वगैरे. ही सगळी वाक्यं खरी आहेत. परंतु ती ऐकून कुणाला छंद जडल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. छंद उपदेशानं जडत नाही. तो पडशासारखा एकाचा दुसऱ्याला लागतो. म्हणून फायद्यांची यादी मी बाजूला ठेवतो आणि विद्यार्थिदशेत मला स्वतःला लागलेल्या एका जोडछंदाची हकीकत तेवढी सांगतो. हा छंद म्हणजे सुट्टी मिळाली की भटकायला जाणं आणि जाईन तिथले फोटो काढणं. या हकीकतीत माझी एक चूकही आहे. ती सुधारायला मला पंधरा वर्षं लागली, आणि तरीही ती पुरती सुधारली नाही. खरं सांगायचं तर त्या चुकीसाठीच मी हे भाषण करायचं कबूल केलं.

१९७४ साली मी पुण्याला मामांकडे राहून कॉलेजात शिकत होतो. सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी दोन मुलांच्या शिकवण्या. त्या शिकवण्यांचे पैसे साठवून मी एका ओळखीच्या गृहस्थांकडून जुना कॅमेरा विकत घेतला. आग्फा क्लिक थ्री. आपल्यापैकी जी मंडळी आज साठीच्या पुढे असतील, त्यांच्या घरच्या आल्बममधले पुष्कळसे चौकोनी फोटो याच कॅमेऱ्याचे असण्याचा संभव आहे. रंगानं काळा, अंगानं गुटगुटीत आणि स्वभावानं अगदी साधा असा हा कॅमेरा. त्याला फोकस करायची सोय नव्हती. ऊन आणि ढग अशी चिन्हं होती. आकाशाकडे बघायचं आणि त्यातलं एक निवडायचं. पाठीमागे लाल काचेची एक बारीकशी खिडकी होती, तिच्यातून रोलवरचा आकडा दिसे. एका रोलात बारा फोटो. बारा म्हणजे बाराच. तेरावा मागून मिळायचा नाही. आणखी एक नियम होता. ज्याचा फोटो काढायचा, तो माणूस कॅमेऱ्यापासून निदान दहा फुटांवर पाहिजे. त्याहून जवळ आला की तो धूसर झालाच म्हणून समजा. हा दहा फुटांचा नियम ध्यानात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

रोल विकत घ्यायला पैसे, तो धुवायला पैसे आणि प्रती काढायला आणखी पैसे. तेव्हा महिन्याला एक रोल, एवढीच माझी ऐपत. सहलीला निघताना मामी धडप्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायच्या. ही शिदोरी दिवसभर पुरवायची, पहिल्याच स्टेशनवर फडशा पाडायचा नाही, अशी त्यांची ताकीद असे. बारा फोटोंचंही तसंच होतं. तीही शिदोरीच, आणि तीही दिवसभर पुरवायची.

पण हे शहाणपण पहिल्या दिवशी कुठून असणार? माझी पहिली सहल कार्ल्याच्या लेण्यांची. पहाटेची पॅसेंजर पकडून मळवलीला उतरलो, मुंबई-पुणे रस्ता ओलांडला, आणि एकवीरेच्या दर्शनाला निघालेल्या मंडळींबरोबर पायऱ्या चढून सकाळीच वर पोचलो. समोर ते प्रचंड चैत्यगृह! मी इतका हरखून गेलो की अर्ध्या तासात बाराच्या बारा फोटो उडवले. शेवटी लाल खिडकीत आकडा दिसेनासा झाला, तेव्हा भानावर आलो. लेण्यापाशी एक म्हातारे पहारेकरी बिडी ओढत बसले होते. माझी सगळी धावपळ त्यांनी शांतपणे पाहिली होती. मला म्हणाले, "दादा, सकाळी काय आलात? सकाळच्याला लेणं निजलेलं असतं. चार वाजल्यानंतर यायचं."

त्यांच्या बोलण्याचा अर्थ रोल धुऊन आल्यावर कळला. आकाश पांढरंफटक आणि लेणं काळंकुट्ट! कार्ल्याच्या चैत्यगृहाचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी सूर्य डोंगराच्या पाठीमागे असतो आणि दर्शनी भाग सावलीत बुडालेला असतो. दुपार कलली की ऊन समोरून येतं, आणि मग त्या दगडावरचं एकेक शिल्प जागं होतं. सूर्य कुठं उगवतो हे मला भूगोलाच्या पुस्तकामुळे माहीत होतं. पण ते आपल्या कामाचं आहे, हे त्या बिडी ओढणाऱ्या पहारेकऱ्यानं शिकवलं. तेव्हापासून कुठंही गेलो की प्रथम दिशा बघायची आणि तिथल्या जुन्या माणसाला विचारायचं, "इथं ऊन केव्हा येतं?" या एका प्रश्नानं जितकी माणसं माझ्याशी बोलती झाली, तितकी दुसऱ्या कशानंही झाली नाहीत.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा कार्ल्याला गेलो आणि या खेपेला चारच्या सुमारास पोचलो. दर्शनी भागाचे चार फोटो मनासारखे मिळाले. मग आत शिरलो. हे चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेलं. लांबी १२४ फूट, उंची ४५ फुटांच्या घरात. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि त्या खांबांच्या माथ्यावर हत्तींवर बसलेल्या स्त्रीपुरुषांच्या जोड्या. आत इतका मंद उजेड होता की माझ्या साध्या कॅमेऱ्याला तिथं काहीच करता येण्यासारखं नव्हतं. म्हणून कॅमेरा पिशवीत घातला आणि नुसता बसून राहिलो. समोरच्या भल्यामोठ्या गवाक्षातून कलतं ऊन आत येत होतं. मान वर करून पाहिलं तर दगडी छताला लाकडाच्या कमानदार फासळ्या बसवलेल्या दिसल्या. हे लाकूड जवळपास लेण्याइतकंच जुनं आहे. दगड दोन हजार वर्षं टिकला याचं आपल्याला काही वाटत नाही. पण लाकूडही टिकलं! स्तूपावरची छत्रीसुद्धा लाकडाचीच. आणि तिथल्या खांबांवर नि भिंतींवर ज्यांनी ज्यांनी दान दिलं, त्यांची नावं कोरलेली आहेत. कुणी वैजयंतीचा शेठ भूतपाल, कुणी धेनुकाकट गावचा यवन. राजेरजवाड्यांबरोबर साध्या गृहस्थांचीही नावं तिथं आहेत.

आज पन्नास वर्षांनंतर सांगतो, त्या दिवशी काढलेले फोटो मला आल्बम उघडल्याशिवाय आठवत नाहीत. जो फोटो काढता आला नाही, तो मात्र डोळ्यांसमोर जसाच्या तसा आहे. तेव्हा फोटोग्राफीच्या छंदाचा पहिला धडा असा, की कॅमेरा पिशवीत ठेवायलाही शिकलं पाहिजे.

हळूहळू खर्च वाचवण्यासाठी मी रोल घरीच धुवायला लागलो. रात्री सगळी निजानीज झाली की मामांच्या न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी लावायची. रोल धुताना ठार काळोख पाहिजे. रोलची दोन टोकं दोन हातांत धरून थाळीतल्या औषधातून तो सारखा खालीवर करत राहायचं, आणि मनातल्या मनात आकडे मोजायचे. मग पाणी, मग हायपो. प्रती काढताना मात्र लाल दिवा चालतो. पांढऱ्या कागदावर, औषधाच्या पाण्याखाली, आधी एखादी सावली, मग झाडाचं खोड, मग माणसाचा सदरा, असं चित्र उमटू लागतं. हा चमत्कार ज्यानं एकदा पाहिला, त्याला तो आयुष्यभर विसरता येत नाही.

यात अडचण एकच. औषध वीस अंश उष्णतेचं असावं असं पुस्तकात लिहिलेलं असे, आणि पुण्यातल्या मे महिन्यात नळाचं पाणी त्याहून कितीतरी गरम. गरम औषधात रोलवरचा थर फुगतो आणि कडेनं सुटायला लागतो. माझा एक अख्खा रोल असा वाया गेला. मग मला युक्ती सुचली. स्वयंपाकघरातल्या माठातलं गार पाणी परातीत घ्यायचं आणि त्यात औषधाची थाळी ठेवायची. सकाळी माठ रिकामा! मामी म्हणाल्या, "अरे, घरात पाहुणे आले तर त्यांना प्यायला काय देऊ? तुझं ते औषध?" शेवटी मामांनी मला एक वेगळा माठ आणून दिला. बहुधा सबंध पुण्यात फोटोग्राफीसाठी ठेवलेला तो एकमेव माठ असावा.

आता मुख्य हकीकतीकडे येतो.

माझ्या बाकावर बसणारा एक मित्र होता. त्याचं गाव इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठी. त्या वेळी उजनीच्या धरणाचं काम जोरात चाललं होतं. पुढे १९८० साली ते पुरं झालं. आज सोलापूर जिल्ह्याला आणि आसपासच्या मुलखाला पाणी देणारा जो विस्तीर्ण यशवंतसागर आपण पाहतो, तो याच धरणाचा. त्या पाण्यानं कोरडवाहू शिवारात ऊस उभा केला. पण त्याच पाण्याखाली भीमाकाठची कितीतरी गावं गेली. माझ्या मित्राचं गाव त्यांतलंच एक. १९७६ च्या मे महिन्यात तो मला म्हणाला, "तू फोटो काढतोस ना? मग एकदा आमच्या गावाला चल. पुढं बघायला मिळायचं नाही."

भिगवणला गाडीतून उतरलो आणि पुढं बैलगाडीनं गेलो. गाव चारशे-पाचशे वस्तीचं असेल. नदीच्या काठी जुनं दगडी देऊळ, घाट, एक मोठा कडुनिंब आणि मातीच्या धाब्याची घरं. काही लोक आधीच उठून नव्या गावठाणात गेले होते. त्यांच्या घरांचे वासे, दारं, तुळया काढून नेलेल्या, आणि उघड्या भिंती तशाच उभ्या. मी पोचलो तसा दिवस मावळायला लागला होता. माझ्यापाशी रोल एकच होता, आणि डोक्यात फोटोग्राफीच्या मासिकांतली चित्रं. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय काढलं, ते ऐका. देवळाचे पाच फोटो. नदीत पडलेल्या सूर्याच्या प्रतिबिंबाचे तीन. एक होडीचा. एक कडुनिंबाचा. एक मित्राचा, घाटावर उभा असलेला. झाले अकरा. लाल खिडकीत बाराचा आकडा आला.

मित्राची आजी ओट्यावर बसून हे सगळं बघत होती. ऐंशीच्या घरातली बाई, कानानं अधू, पण नजर करडी. मला हाक मारून म्हणाली, "काय रं पोरा, कशाचं फोटू काढतुयास एवढं?"

"देवळाचे काढले, आजी."

"देऊळ समदंच काढत्यात. आमच्या दाराचा काढ की येक. देवाला नवं देऊळ बांधत्याल. ह्ये दार कुठनं आणायचं?"

मला हसू आलं. दाराचा काय फोटो काढायचा? कोनाडे, उंबरा, कोपऱ्यातलं जातं, हे तर खेड्यातल्या घरोघरी असतंच. मला आजीचा चेहरा हवा होता. सुरकुत्यांनी भरलेला, मोठ्या कुंकवाचा. एका मासिकात असा एका वृद्धेचा चेहरा पानभर छापलेला मी पाहिला होता. मी आजीला उंबऱ्याशी बसवलं, "आजी, हलू नका" म्हणून मोठ्यानं ओरडलो, आणि चेहरा मोठा यावा म्हणून अगदी चार-पाच फुटांपर्यंत पुढं सरकलो. दहा फुटांचा नियम मला ठाऊक होता. पण हावेपुढं नियम कुणाला आठवतो? बारावा फोटो निघाला.

निघताना आजी म्हणाली, "मला येक धाडशील न्हवं?"

"आठ दिवसांत पाठवतो, आजी," मी म्हणालो.

पुण्याला येऊन त्याच रात्री रोल धुतला. देऊळ छान आलं होतं. नदीवरचा सूर्यही बरा. आणि बारावा फोटो? आजीचा चेहरा पार धूसर. नाक कुठं, डोळे कुठं, काही नीट कळेना. मात्र पाठीमागचं दार, चौकट, भिंत, कोनाडा, हे सगळं स्वच्छ आणि रेखीव. मी मनात चरफडलो. असला बिघडलेला फोटो पाठवायचा कसा? आजीचे घरचे काय म्हणतील? पुण्याहून एवढा फोटोग्राफर आला आणि साधा चेहरा काढता आला नाही! पुन्हा जाऊन चांगला काढू आणि मगच पाठवू, असं मी ठरवलं.

ते पुन्हा जाणं घडलं नाही. परीक्षा आली, निकाल आला, नोकरी लागली, बदली झाली. मित्राची दोन पत्रं आली. दोन्ही पत्रांच्या शेवटी एकच ओळ होती: आजी फोटोची चौकशी करते. मी पहिल्या पत्राला उत्तर पाठवलं. त्यात परीक्षेविषयी लिहिलं, फोटोविषयी अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्या पत्राचं उत्तर राहूनच गेलं. मग पत्रंही थांबली.

१९९१ साली सोलापूरच्या एस. टी. स्टँडवर तो मला अचानक भेटला. दोघांचेही केस विरळ झालेले; पण आवाजावरून ओळख पटली. चहा घेता घेता त्यानं सांगितलं, आजी जाऊन पुष्कळ वर्षं झाली. नव्या गावठाणात तिनं दोनच पावसाळे काढले. मला वाटलं, आता हा मला बोल लावील. त्यानं तसं काही केलं नाही. नुसतं विचारलं, "ते फोटो आहेत का रे तुझ्याजवळ? आमच्या घराचा एकसुद्धा फोटो नाही आमच्याकडं."

घरी येऊन मी माळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. निगेटिव्हच्या पट्ट्या एकमेकींवर ठेवलेल्या, पाकिटांवर ना तारीख ना गावाचं नाव. दोन दिवस उजेडाला धरून शोधत होतो. अखेर ती पट्टी सापडली. दमटपणानं तिच्यावर बुरशीचे ठिपके पडले होते. पण बाराव्या फोटोवर, नशिबानं, कडेलाच. त्या बाराही फोटोंच्या मोठ्या प्रती करून घेतल्या आणि एका रविवारी मित्राच्या नव्या गावी गेलो.

त्याचे वडील, ज्यांना मी काका म्हणत असे, सत्तरीचे झाले होते. सगळं घर भोवती गोळा झालं. देवळाचे पाचही फोटो त्यांनी नमस्कार करून बाजूला ठेवले. नदीतल्या सूर्याकडं कुणी फारसं पाहिलंही नाही. मग बारावा फोटो हातात आला. काकांनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि फोटो खिडकीपाशी नेला. बराच वेळ बोलेनात. मग कोनाड्यावर बोट ठेवून म्हणाले, "हितं चिमणी असायची. हिच्या उजेडात मी पाढं म्हटलं." काकूंनी चौकटीवरच्या खाचा दाखवल्या. पोरांची उंची मोजून विळ्यानं केलेल्या त्या खाचा. जातं दाराच्या उजव्या अंगाला होतं की डाव्या, यावरून गेली कित्येक वर्षं घरात वाद चालला होता म्हणे. तो त्या दिवशी मिटला. मित्राच्या बहिणीला भिंतीवर पडलेली कडुनिंबाची सावली ओळखू आली. फोटो एका हातातून दुसऱ्या हातात जात होता, आणि प्रत्येकाला त्यात काहीतरी नवीन सापडत होतं.

चेहरा धूसर आहे, असं कुणीच म्हणेना. शेवटी मलाच राहवेना. म्हटलं, "काका, आजींचा चेहरा नीट आला नाही हो. चूक माझी. म्हणूनच त्या वेळी पाठवला नाही."

काका म्हणाले, "चेहरा आमच्या ध्यानात हाय. दार ध्यानातनं चाललं हुतं."

मित्रहो, आजीनं दाराचा फोटो मागितला होता. मी तो काढायला तयार नव्हतो. माझ्या चुकीमुळे तो आपोआप निघाला, आणि माझ्या अहंकारामुळे पंधरा वर्षं डब्यात पडून राहिला. फोटो चांगला की वाईट हे मी मासिकातल्या चित्राशी ताडून ठरवलं. ज्यांचा तो होता, त्यांना विचारलं असतं, तर ती प्रत आठ दिवसांत आजीच्या हातात पडली असती. एवढ्या एका गोष्टीची मला आजही रुखरुख आहे.

या हकीकतीतून मी जे शिकलो, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट. प्रवासाला गेलात की जे सगळे काढतात ते जरूर काढा. देऊळ, किल्ला, धबधबा, सूर्यास्त, काही बिघडत नाही. पण त्या गावचं जे रोजचं आहे, ते आधी काढा. पाणवठा, दुकानाची फळी, शाळेचा व्हरांडा, चुलीपाशी मांडलेली भांडी. देवळाचे फोटो पुढे दहा जणांकडे मिळतील. रोजच्या वस्तू कुणीच काढत नाही, आणि त्याच आधी नाहीशा होतात. आपल्या स्वतःच्या घरापासून सुरुवात केली तरी चालेल. त्याला तिकीटही लागत नाही.

दुसरी गोष्ट. माणसाचा फोटो काढण्यापूर्वी त्याला विचारा. नको म्हणाला तर कॅमेरा खाली घ्या, आणि हो म्हणाला तर आणखी एक प्रश्न विचारा: "तुम्हाला कशाचा फोटो हवा?" उत्तर ऐकून तुम्ही थक्क व्हाल. कुणी बैलाचा सांगेल, कुणी शिवणयंत्राचा, कुणी फौजेतून आलेल्या मुलाच्या पत्राचा. त्या उत्तरातून ते गाव जितकं कळतं, तितकं डोंगरावर उभं राहून कळत नाही.

तिसरी गोष्ट. फोटोमागे गाव, तारीख आणि माणसांची नावं लिहा. कार्ल्याच्या खांबावर दान देणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे, म्हणून दोन हजार वर्षांनी आपण त्याला ओळखतो. तुमच्या फोटोतल्या माणसाचं नाव तुम्ही लिहिलं नाही, तर वीस वर्षांनी तुम्हालाच ते आठवणार नाही.

चौथी गोष्ट. एकाच प्रतीवर विसंबून राहू नका. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्याचं काम १८४४ साली मेजर रॉबर्ट गिल या गृहस्थांवर सोपवण्यात आलं. वर्षानुवर्षं लेण्यांत बसून त्यांनी मोठमोठी चित्रं रंगवली. ती लंडनला पाठवण्यात आली, आणि १८६६ साली तिथल्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतली बहुतेक जळून गेली. गिल यांनी पुढे कॅमेराही हाती घेतला होता. त्यांनी काढलेले लेण्यांचे फोटो १८६४ साली, जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह, पुस्तकरूपानं निघाले होते. पुस्तकाच्या अनेक प्रती असतात, म्हणून ते फोटो आजही पाहायला मिळतात. तेव्हा आपले फोटो दोन ठिकाणी ठेवा, आणि निवडक फोटोंच्या कागदावर प्रती करून घ्या. माझा बिस्किटांचा डबा काय आणि तुमचा मोबाइल काय, दोन्ही केव्हा दगा देतील याचा भरवसा नाही.

मोबाइलचं नाव निघालंच आहे, तर एक सांगतो. आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात माझ्या त्या क्लिक थ्रीपेक्षा शंभरपट हुशार कॅमेरा आहे. याचा मला हेवा वाटत नाही, आनंदच वाटतो. पण एका सहलीत तुम्ही पाचशे फोटो काढता आणि परत आल्यावर त्यांतले पाचसुद्धा धडपणे पाहत नाही, ही गोष्ट काही खरी नव्हे. यावर एक सोपा उपाय आहे. महिन्यातून एक दिवस असा पाळा, की आज मी बाराच फोटो काढणार. एकादशीच्या उपासासारखं हे व्रत समजा. बाराच काढायचे म्हटलं की पाय आपोआप थांबतात, डोळे बघायला लागतात, आणि तोंड लोकांशी बोलायला लागतं. हे तिन्ही झालं की प्रवास झाला असं समजावं. नाहीतर ती नुसती ये-जा.

आज भिगवणला दूरदूरचे लोक कॅमेरे घेऊन येतात. धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, त्यांचे फोटो काढायला. ज्या वर्षी पाऊस ओढ देतो आणि उजनीचं पाणी खाली जातं, त्या वर्षी पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं. ते पाहायलाही गर्दी लोटते. तुम्हीही जा. पक्षी बघा, देऊळ बघा, फोटो काढा. मग थोडा वेळ कॅमेरा बाजूला ठेवून त्या पाण्याकडे नुसतं पाहा. त्याच्या खाली नुसती देवळं नाहीत. उंबरे आहेत, कोनाडे आहेत, पोरांच्या उंचीच्या खाचा केलेल्या चौकटींच्या जागा आहेत. आसपासच्या नव्या गावठाणात एखादे सत्तर-ऐंशीचे आजोबा पारावर बसलेले भेटतील. त्यांना विचारा, "आजोबा, तुमचं दार कुठल्या तोंडाचं होतं?" ते सांगतील.

आणि निघताना त्यांचा फोटो काढलात, पाठवतो असं कबूल केलंत, तर आठ दिवसांच्या आत पाठवा. तो चांगला आला आहे की नाही, ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.